चेहऱ्याचे आचके आणि नस बधिर करण्याचा उपचार

डोळा लवला की शकुन पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. स्त्रीचा डावा आणि पुरुषाचा उजवा डोळा लवणे शुभ, याच्या उलट झाल्यास अशुभ, असा समज खेड्यापाड्यांतून आजही आढळतो. दोनचार दिवस पापणी फडफडून थांबली, तर या समजाने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु हीच फडफड महिनोन्‌महिने चालू राहिली, पापणीवरून गालावर आणि गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरली, चेहऱ्याची एक बाजू दिवसातून अनेक वेळा आपोआप आखडू लागली, तर तो शकुनाचा विषय राहत नाही. तो वैद्यकाचा विषय होतो.

निपाणी आणि बेळगावच्या परिसरात हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. येथील हजारो कुटुंबांची चूल तंबाखू आणि बिडीच्या उद्योगावर पेटत आली आहे. बिडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी वळलेल्या बिड्यांच्या संख्येवर ठरते. पान कातरणे, जर्दा भरणे, वळणे, दोरा बांधणे ही सारी कामे हात आणि डोळा यांच्या मेळावर चालतात. ज्या स्त्रीचा एक डोळा दर काही मिनिटांनी घट्ट मिटतो, तिची मजुरी त्या डोळ्याबरोबरच घटते. ट्रॅक्टर चालविणारा, शिवणयंत्रावर बसणारी, फळ्यासमोर उभा राहणारा शिक्षक, यांचीही तीच गत होते. त्यात भर पडते ती लोकांच्या नजरेची. डोळा मारतो, तोंड वेडावतो, असे गैरसमज होतात. मुलीच्या सोयरिकीत अडथळा येतो. माणूस लग्नकार्यास जाणे टाळू लागतो. जिवाला धोका नसलेला आजार अशा रीतीने जगणे कठीण करून टाकतो.

या आजाराचे स्वरूप काय, त्यावर कोणते उपाय आहेत आणि सोनोग्राफी यंत्राच्या साहाय्याने नस बधिर करण्याची जी पद्धत अलीकडे पुढे आली आहे तिचा उपयोग किती व मर्यादा कोणत्या, याची माहिती सर्वसामान्य वाचकांस व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चेहऱ्याची सातवी नस

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याचे स्नायू हलविते. हसणे, डोळे मिटणे, कपाळाला आठ्या घालणे, फुंकर मारणे, ओठ मिटून पाणी पिणे, ही सारी कामे तिच्या हुकमावर चालतात. चेहऱ्याच्या त्वचेला स्पर्श आणि वेदना कळतात त्या मात्र पाचव्या जोडीमुळे. त्यामुळे सातव्या नसेच्या दुखण्यात चेहरा वाकडा होतो किंवा आखडतो, पण सहसा बधिर होत नाही.

ही नस कवटीच्या हाडातील एका अरुंद बोगद्यातून प्रवास करून कानाच्या पाळीमागे, खालच्या बाजूस बाहेर पडते. तेथून ती कानासमोरील लाळग्रंथीत शिरते आणि ज्याप्रमाणे मुख्य कालव्यातून पाट फुटतात, त्याप्रमाणे तिच्या पाच शाखा होतात. एक कपाळाकडे, दुसरी डोळ्याकडे, तिसरी गालाकडे, चौथी हनुवटीकडे आणि पाचवी मानेकडे जाते. मुख्य कालव्याचे दार बंद केले की सर्वच पाट कोरडे पडतात. एका पाटाचे दार बंद केले की तेवढेच शेत कोरडे राहते. पुढे येणारा उपचार समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सर्व आचके सारखे नव्हेत

चेहरा आखडण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. म्हणून प्रथम निदान, मग उपचार, हा क्रम कधीही मोडता कामा नये.

पहिला प्रकार म्हणजे पापणीची साधी फडफड. जागरण, अतिश्रम, चहाचा अतिरेक, डोळ्यांवरील ताण यांमुळे ती होते आणि विश्रांतीने काही दिवसांत बहुधा आपोआप थांबते. तिला औषधाची गरज नसते.

दुसरा प्रकार म्हणजे अर्ध्या चेहऱ्याचा आचका. तो बहुधा मध्यम वयात, एका डोळ्याच्या खालच्या पापणीपासून सुरू होतो आणि महिन्या-वर्षांत त्याच बाजूच्या गालावर व ओठावर पसरतो. तो झोपेतही चालू राहू शकतो, ही त्याची ठळक खूण होय. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. लाख लोकसंख्येमागे सुमारे दहा माणसे, असे त्याचे प्रमाण अमेरिकेतील एका पाहणीत आढळले होते. प्रमाण थोडे दिसले, तरी जिल्ह्याच्या लोकसंख्येशी गुणाकार केल्यास रुग्णांची संख्या शेकड्यांत जाते.

तिसऱ्या प्रकारात दोन्ही डोळे एकाच वेळी घट्ट मिटतात. ऊन, धूळ, तीव्र प्रकाश यांनी त्रास वाढतो. डोळे निरोगी असूनही उघडता न आल्यामुळे असा रुग्ण आंधळ्यासारखा होऊन बसतो.

चौथा प्रकार अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा. मेंदूच्या एका भागात उठलेली विजेची लाट चेहऱ्याच्या एका बाजूस झटके देते. हे झटके लयीत येतात, कधी हाताकडे पसरतात, कधी शुद्ध हरपते, तोंडातून लाळ गळते, क्वचित जीभ चावली जाते. येथे दोष चेहऱ्याच्या नसेत नसून मेंदूत असतो. त्यामुळे नस बधिर करणे हा त्यावरील उपाय नव्हे; मेंदूची तपासणी आणि अपस्माराची नियमित औषधे हाच त्यावरील उपाय होय. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक झटक्यांवाचून जगू शकतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात डुकरातील पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे, हे अपस्माराचे एक मोठे कारण आहे. ते स्वच्छतेने टाळता येते.

पाचवा प्रकार धनुर्वाताचा. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आवळतो, तोंड उघडत नाही, चेहऱ्यावर विचित्र हसल्यासारखा भाव येतो, पाठीची कमान होते. हा जीवघेणा आजार आहे. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. लसीने तो पूर्णपणे टाळता येतो.

सहावा प्रकार औषधाच्या विपरीत परिणामाचा. उलटी थांबविण्याच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनंतर, विशेषतः तरुण मुलामुलींत, जबडा वाकडा होणे, जीभ बाहेर ओढली जाणे, मान पिळवटणे, बुबुळे वर जाणे असे प्रकार होतात. गावात याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेले जाते. वास्तविक योग्य इंजेक्शनाने हा त्रास थोड्याच वेळात शमतो. म्हणून डॉक्टरांना आधी घेतलेल्या औषधाचे वेष्टन अवश्य दाखवावे.

याखेरीज एक उलटा प्रकारही लक्षात घ्यावा. चेहरा आखडण्याऐवजी एकाएकी लुळा पडला, ओठाचा कोपरा ओघळला आणि सोबत हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी घटकाभरही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत चालतो.

अर्ध्या चेहऱ्याचा आचका का येतो ?

यंत्राच्या पट्ट्याजवळून जाणाऱ्या विजेच्या तारेचे आवरण सतत घासून झिजले, की ठिणग्या उडू लागतात. अर्ध्या चेहऱ्याच्या आचक्यात बव्हंशी असेच घडते. सातवी नस मेंदूच्या देठातून जेथे बाहेर पडते, तेथे तिचे आवरण नाजूक असते. शेजारची एखादी रक्तवाहिनी वयोमानाने लांबून किंवा वळण घेऊन नेमकी तेथे टेकते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक तिच्यावर आपटते. आवरण झिजते, एका तंतूतील संदेश दुसऱ्यात शिरतो आणि डोळा मिटण्याच्या हुकमासरशी ओठही ओढला जातो. नसेवर रक्तवाहिनीचा दाब आल्याचे असे एक उदाहरण जर्मन वैद्य शुल्त्झे यांनी १८७५ मध्येच शवविच्छेदनात पाहून नोंदविले होते. क्वचित प्रसंगी गाठ किंवा अन्य विकारही कारण असतो. म्हणून मेंदूचे एम. आर. आय. छायाचित्र काढावयास सांगितल्यास टाळाटाळ करू नये.

नस बधिर करण्याची पूर्वपीठिका

शरीराचा एखादा भाग सुई टोचून काही काळ बधिर करणे ही कल्पना आता कोणास नवी नाही. दात काढताना तिचा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. या विद्येचा आरंभ डोळ्यापासून झाला, ही मात्र फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण वैद्याने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन हे त्याहून कितीतरी निर्धोक औषध तयार झाले आणि आजही ते जगभर वापरात आहे.

चेहऱ्याची नस बधिर करण्याची गरजही प्रथम नेत्रवैद्यांनाच भासली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा उघडलेला असताना रुग्णाने पापणी घट्ट आवळली, तर डोळ्यावर दाब येऊन दृष्टी जाण्याचे भय असे. बेल्जियमचे नेत्रतज्ज्ञ व्हॅन लिंट यांनी १९१४ मध्ये यावर तोड काढली. डोळ्याच्या बाहेरील कडेस औषध टोचून त्यांनी पापणी मिटणारी शाखाच तेवढ्यापुरती निकामी केली. पुढे इतर तज्ज्ञांनी कानासमोर आणि कानामागे, नसेच्या मुख्य खोडाजवळ, सुई देण्याच्या पद्धती बसविल्या.

आपल्या भागाला नेत्रशिबिरांची मोठी परंपरा आहे. उत्तर कर्नाटकातील बिळगी येथे १९१६ मध्ये जन्मलेले आणि बेळगावात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव शिबिरे भरवून लक्षावधी लोकांचे डोळे तपासले. त्यांच्या या सेवेबद्दल त्यांना १९५६ मध्ये पद्मश्री व १९६८ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. जुन्या पद्धतीच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या वेळी कानाजवळ किंवा डोळ्याच्या कडेला सुई घेतल्याचे आणि काही तास पापणी जड झाल्याचे आजही वृद्ध मंडळी सांगतात. ती सुई म्हणजेच चेहऱ्याची नस बधिर करण्याची सुई होय. तेव्हा हा उपचार आपणांस वाटतो तितका परका नाही.

आचक्यांवरील उपाय म्हणूनही ही सुई वापरली गेली. जपानमध्ये वाकासुगी यांनी कानामागे, नस हाडाबाहेर पडते त्या ठिकाणी, सुई देऊन आचके आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीत नसेला मुद्दाम सौम्य इजा केली जात असल्याने आचका थांबे, पण त्याबरोबर चेहऱ्याची ती बाजू काही काळ दुबळी होई. शिवाय सुई अंदाजाने द्यावी लागे आणि तीच या पद्धतीची मोठी उणीव होती. कानामागे थोडे खोलवर गिळण्याच्या, आवाजाच्या आणि श्वासाच्या नसा असतात. औषध तेथवर पोहोचल्यास घोगरेपणा, ठसका, प्रसंगी श्वासास अडथळा असे त्रास उद्भवत. लाळग्रंथीतून मोठ्या रक्तवाहिन्याही जातात.

सोनोग्राफीची दृष्टी

ही उणीव सोनोग्राफीने बरीचशी दूर केली आहे. विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली, की प्रतिध्वनी येतो आणि तो किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. सोनोग्राफीचे तत्त्व हेच आहे. माणसाच्या कानास साधारणपणे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. हे यंत्र सेकंदाला लक्षावधी कंपनांचा ध्वनी शरीरात सोडते. स्नायू, ग्रंथी, हाड, रक्तवाहिनी यांच्यावर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटते. यात क्ष-किरण नसतात. ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठी आणि गर्भ यांची अशी चित्रे प्रसिद्ध केल्यापासून या यंत्राचा प्रसार झाला. नस बधिर करताना सुईचे टोक पडद्यावर पाहत पुढे नेण्याची पद्धत व्हिएन्ना येथील भूलतज्ज्ञांनी १९९४ मध्ये खांद्याजवळील नसांसाठी वापरून दाखविली आणि त्यानंतर ती शरीराच्या अन्य भागांतही रुजली.

सोनोग्राफी म्हटले की खेड्यात गर्भाची तपासणी एवढेच डोळ्यांपुढे येते. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्र शासनाने १९९४ मध्ये कायदा केला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्रातच ठेवता येते. नस बधिर करण्यासाठी हे यंत्र गावातील फिरत्या शिबिरात सहजासहजी का आढळत नाही, याचा उलगडा यातून होईल.

प्रत्यक्ष कृती

रुग्णास पाठीवर निजवून मान विरुद्ध बाजूस वळविली जाते. शिरेत एक सुई आधीच घालून ठेवतात. रक्तदाब, नाडी व रक्तातील प्राणवायू मोजणारी यंत्रे जोडतात. कानाभोवतीची त्वचा जंतुनाशकाने पुसून तेथे यंत्राचा छोटा हातखंडा टेकवितात. पडद्यावर कानामागील हाडाची कड, लाळग्रंथी आणि रक्तवाहिन्या दिसतात. चेहऱ्याची नस अवघी काही मिलिमीटर जाडीची असल्याने ती ओळखण्यास सराव लागतो. कधीकधी सुईतून अत्यंत सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडून चेहरा हलतो का, हे पाहून खात्री करून घेतात. मग सुईचे टोक नसेजवळ आणून थोडेसे औषध हळूहळू सोडतात. ते नसेभोवती पसरताना पडद्यावर दिसते. थोडक्या औषधात काम भागणे आणि रक्तवाहिनी टाळता येणे, हे या पद्धतीचे दोन मुख्य लाभ होत.

काही मिनिटांत आचका मंदावतो व थांबतो. त्याबरोबर चेहऱ्याची ती बाजू सैल पडते. ओठ किंचित ओघळतो, डोळा पूर्ण मिटत नाही. लिडोकेनचा परिणाम साधारणपणे एक-दोन तास आणि ब्युपिव्हकेनचा त्याहून अधिक काळ टिकतो. आचका डोळ्यापुरताच असेल, तर केवळ त्या शाखेजवळ औषध देऊन बाकीचा चेहरा मोकळा ठेवता येतो. जबड्याच्या स्नायूंचे पेटके मात्र पाचव्या नसेच्या ताब्यात असतात. त्यासाठी सुईची जागा वेगळी असते.

उपयोग आणि मर्यादा

दोन-चार तासांच्या आरामासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल व तो रास्त आहे. याची उत्तरे तीन आहेत. एक, नस बधिर केल्यावर स्नायू सैल पडल्यास पुढील उपायाने चेहरा कसा दिसेल व कसा वाटेल, याची रुग्णास आगाऊ कल्पना येते. दोन, आचक्यांची जोराची लहर आली असता तात्पुरता विसावा मिळतो. काही रुग्णांत औषध उतरल्यावरही आराम काही काळ टिकतो, परंतु तशी हमी कोणी देऊ नये व कोणी दिल्यास ती मानू नये. तीन, दीर्घकाळ टिकणारे औषध नेमक्या जागी पोहोचविण्यास हीच दृष्टी कामी येते.

अर्ध्या चेहऱ्याच्या आचक्यावर आज जगभर प्रथम पसंतीचा उपाय आहे तो बोटुलिनम नावाच्या औषधाची इंजेक्शने. नासलेल्या मांसातील एका जंतूचे हे विष होय. त्याचे गुणधर्म जर्मन वैद्य कर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासले. अत्यल्प प्रमाणात ते स्नायूत टोचले असता नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा वापर केला आणि १९८९ च्या अखेरीस अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. बहुसंख्य रुग्णांना त्याने चांगला आराम पडतो व तो सुमारे तीन महिने टिकतो. त्यानंतर इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात. खर्च हीच त्याची मोठी अडचण आहे. गोळ्यांचा उपयोग काहींनाच व बेताचा होतो. त्यांनी गुंगीही येते.

मूळ कारण दूर करणारा उपाय एकच, तो म्हणजे शस्त्रक्रिया. कानामागील हाडास छिद्र पाडून सूक्ष्मदर्शकाखाली नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये एक मऊ गादी ठेवली जाते. अमेरिकेतील शल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही शस्त्रक्रिया रूढ केली. दहांपैकी आठ-नऊ रुग्णांस तिने कायमचा आराम पडतो. मात्र काहींच्या त्या बाजूच्या श्रवणशक्तीस धोका संभवतो. म्हणून वय, प्रकृती व त्रासाची तीव्रता पाहून निर्णय करावा लागतो.

या तिन्हींच्या तुलनेत सोनोग्राफीच्या साहाय्याने नस बधिर करणे हा पूरक उपाय आहे, मुख्य उपाय नव्हे, हे स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे.

घ्यावयाची काळजी

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, हृदयविकार, मधुमेह, पूर्वी बधिरीकरणाच्या औषधाने झालेला त्रास, यांची माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी. सुई दिल्यावर ओठांभोवती मुंग्या येणे, कानात घणघणणे, गरगरणे, गिळताना ठसका लागणे असे काही जाणवल्यास ताबडतोब सांगावे.

सर्वांत अधिक काळजी डोळ्याची. पापणी मिटत नाही तोवर बुबुळ उघडे राहते आणि कोरडे पडून किंवा कचरा जाऊन त्यास जखम होते. म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावे, पापणी पट्टीने मिटवून ठेवावी, डोळा चोळू नये. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये आणि तंबाखूच्या वखारीत, गिरणीत किंवा मळणीवर जाऊ नये. परिणाम पूर्ण ओसरेपर्यंत फार गरम पदार्थ खाऊ नयेत. ओठ सैल असल्याने भाजण्याचा किंवा गाल चावला जाण्याचा संभव असतो.

सीमाभागातील रुग्णांनी कोठे जावे ?

निपाणी हे गाव ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर कोल्हापूर, तर दक्षिणेस सुमारे ७५ किलोमीटरवर बेळगाव आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालयाशी संलग्न असे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून तेथे चालू आहे. कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय व मिरजेला १९६२ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खानापूरकडील लोकांना गोव्याचे बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयही परिचयाचे आहे.

तथापि पहिली पायरी आपले प्राथमिक आरोग्य केंद्रच असावी. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयातील मज्जातंतुविकार विभागात जावे. निदान तेथे होईल. नस बधिर करावयाची असल्यास तेथूनच भूलशास्त्र किंवा वेदनाशमन विभागाकडे पाठविले जाते. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक उपचार होतोच असे नाही; म्हणून जाण्यापूर्वी विचारपूस करावी.

सीमेवरील रुग्णाची एक खास अडचण असते. आज या राज्यात, उद्या त्या राज्यात, एक कागद कानडीत तर दुसरा मराठीत, अशा फेऱ्यांत जुने अहवाल हरवतात आणि त्याच तपासण्या पुन्हा पैसे भरून कराव्या लागतात. यावर उपाय साधा आहे. सर्व चिठ्ठ्या, छायाचित्रे, औषधांची वेष्टने तारखेनुसार एकाच पिशवीत ठेवावीत व प्रत्येक वेळी सोबत न्यावीत. आचका येत असताना घरच्या माणसाने भ्रमणध्वनीवर त्याचे मिनिटभराचे चित्रण करून ठेवावे; डॉक्टरांपुढे नेमका आचका येईलच असे नाही आणि त्या चित्रणास भाषेचा अडसर नसतो. आयुष्मान भारत अथवा राज्याच्या आरोग्य योजनेचे ओळखपत्र असल्यास ते दुसऱ्या राज्यातील त्या रुग्णालयात चालते किंवा कसे आणि हा उपचार त्यात बसतो किंवा कसे, हे तेथील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शिक्षक, कर्मचारी आणि ग्रामस्थ यांचे कर्तव्य

वर्गातील एखादे मूल वारंवार डोळे मिचकावते किंवा तोंड वाकडे करते, तेव्हा ते खोडी करीत आहे असे मानून त्यास शिक्षा करू नये. पालकांना बोलावून शांतपणे सांगावे आणि शालेय आरोग्य तपासणीत त्याची नोंद करवून घ्यावी. इतर मुलांनी नक्कल करणे थांबविणे हेही शिक्षकाचेच काम आहे.

अपस्माराचा झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात किल्ल्या देणे, दातांत चमचा घालणे या गोष्टींचा काडीचाही उपयोग नाही. उलट अपाय होतो. रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, जवळची टोकदार वस्तू दूर करावी, तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ वर कळवावे.

आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य कर्मचारी यांनी घरभेटीत हा प्रश्न आपणहून विचारावा, कारण स्त्रिया असा त्रास पदराआड लपवितात. बिडी कारखान्यांतील मुकादमांनी एखाद्या कामकरी स्त्रीची वळणी एकाएकी घटल्यास मजुरी कापण्यापूर्वी तिच्या प्रकृतीची चौकशी केली, तर तिच्या आजारास वेळीच वाचा फुटेल.

कालपर्यंत शकुन-अपशकुनात गणला जाणारा आचका आज पडद्यावर दिसणाऱ्या एका बारीक नसेपर्यंत शोधता येतो आणि त्यावर एकाहून अधिक उपाय उपलब्ध आहेत. मात्र रुग्ण आरोग्य केंद्राच्या पायरीपर्यंत आला, तरच ते उपाय कामाचे. ज्यांच्या घरात, शेजारी अथवा शाळेत असा रुग्ण असेल, त्यांनी त्यास या आठवड्यातच नजीकच्या आरोग्य केंद्रात घेऊन जावे, अशी सर्व वाचकांस विनंती आहे.